युक्रेनला मदत नेताना सीमेवर अडकलेली रात्र: माझा अनुभव

जनरेटरच्या पाटीवरचा नंबर सामान गाडीत चढवण्याआधी मोबाइलमध्ये टिपून घ्या. बाकीचं पुढे सांगतेच, पण हे आधी.

मी मूळची वसईची, आता जर्मनीत. पासपोर्टही जर्मन, त्यामुळे युक्रेनसाठी व्हिसा लागला नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर तो लागतो. एप्रिल २०२४ मध्ये आमच्या धर्मग्रामाची (पॅरिशची) व्हॅन घेऊन आम्ही तिघं पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव्ह शहराला निघालो. सामान ईस्टरआधीच्या उपवासकाळात जमलेलं. आमचा ईस्टर ३१ मार्चलाच झाला होता, पण तिकडे ग्रीक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन्ही ख्रिस्ती पंथांचा ५ मेला होता. त्याआधी सगळं पोचवायचं होतं. ल्विव्हचे फादर त्यातले दोन जनरेटर पूर्वेला युद्धाच्या आघाडीजवळच्या खारकिव्हला पाठवणार होते.

डिसेंबर २०२३ पासून तिथे मदतीच्या सामानाची नोंद ऑनलाइन करावी लागते, आणि सामान घेणारी संस्था युक्रेनच्या सरकारी यादीत असावी लागते. ते काम फादरांनी आधीच उरकलं होतं. पोलंडपर्यंतचा प्रवास सुरळीत झाला.

पोलंड-युक्रेन सीमेवर मात्र आमचा अंत पाहिला. कागद तपासणाऱ्याने जनरेटरचे अनुक्रमांक मागितले. यादीत संख्या होती, वजन होतं, कंपनी होती. अनुक्रमांक आम्हाला कुणी मागितलेच नव्हते. जनरेटर जड म्हणून अगदी तळाशी, त्यांच्यावर डायपर, डबाबंद अन्न, बँडेज. पाऊस भुरभुरत होता. ताडपत्री अंथरून एकेक खोकं खाली उतरवलं. मी आत वाकून टॉर्च धरला, तर पाटी नेमकी गाडीच्या पत्र्याकडच्या बाजूला! दोघांनी जनरेटर तिरका केला, तेव्हा कुठे नंबर वाचता आला. लिहून दिला, खोकी परत चढवली, आणि तेवढ्यात पाळी बदलली. नव्या माणसाने पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुसऱ्या जनरेटरचा नंबर त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. पुन्हा सगळी खोकी खाली.

तपासणी हवीच, युद्ध चालू असलेल्या देशात कोणीही काहीही घुसवू शकतं, हे मला मान्य आहे. पण एकाने तपासलेलं दुसऱ्याला सांगायला एक ओळ पुरते. ती कोणी लिहिली नाही, याचा राग मला आजही येतो. कारण उशीर नुसता उशीर राहत नाही. ल्विव्हमध्ये मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत संचारबंदी असते, आणि युक्रेनचं घड्याळ पोलंडच्या एक तास पुढे. सीमा ओलांडली तेव्हा शहरात शिरण्याची वेळ टळून गेली होती. पेट्रोल पंपावर गाडीतच बसून राहिलो. फादर फोनवर होते, पण सीमेपलीकडे येऊन मदत करणं त्यांच्या स्वयंसेवकांना शक्य नव्हतं. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना तेव्हा देश सोडायची सहसा परवानगी नव्हती.

सकाळी चर्चच्या तळघरात सामान उतरवलं. खारकिव्हहून आलेल्या एका आजींनी खोक्यातली फक्त बॅटरी घेतली, बटण दाबून पाहिली आणि पदराआड धरावी तशी कोटात ठेवली. मग त्यांना माझ्यासोबत प्रार्थना करायची होती. त्यांनी त्यांच्या भाषेत ‘आमच्या स्वर्गीय बापा’ म्हटलं, मी मराठीत. दुपारी रस्त्यावरून सैनिकाची अंत्ययात्रा गेली, तेव्हा भाजीची पिशवी घेतलेल्या बायकाही फुटपाथवर गुडघे टेकून बसल्या. अशा वेळी काय बोलावं, हे फादरांनी आधीच सांगितलं होतं: काही बोलू नका, सोबत थांबा.

आणखी आठवतंय ते: जुने कपडे नेऊ नका, तिथे आधीच ढीग आहेत. औषधं असतील तर मुदतीच्या तारखेसह वेगळी यादी करा. गाडीचा विमा युद्धक्षेत्रात चालतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आमच्या पहिल्या कंपनीने नाही म्हटलं, दुसरी शोधावी लागली. आणि तपासणाऱ्याची पाळी कधी बदलते ते रांगेतल्या ट्रकवाल्यांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं.