लाखेच्या सीलसाठी चोवीस दिवस

चीनमधून जुनं फर्निचर घरी आणायचं मनात असेल तर सगळ्यात आधी एक आकडा पाठ करा: 1911. लाकूड कुठलं, किंमत किती, हॉलमध्ये मावेल का, हे सगळं नंतर. मला हा आकडा कोणी वेळेवर सांगितला नाही आणि त्यापायी 2018 च्या जूनमधले माझे चोवीस दिवस असे गेले, की आजही आठवलं तरी डोकं तापतं.

आम्ही शांघायमध्ये पावणेचार वर्षं होतो. तिथे गेल्यावर सहाएक महिन्यांनी एका रविवारी पीपल्स स्क्वेअरच्या शांघाय म्युझियममध्ये मिंग आणि चिंग या जुन्या राजवटींच्या काळातल्या फर्निचरचं दालन बघितलं. मिंग धाटणीच्या एका खुर्चीपुढे मी कितीतरी वेळ उभी होते. एका हातापासून पाठीवरून दुसऱ्या हातापर्यंत अखंड वाटावी अशी गोल फिरलेली दांडी, मध्ये मणक्यासारखी किंचित वळलेली एक फळी, बस्स. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून सगळे सांधे केलेले, खिळा नाही. त्या दिवसापासून मला या वस्तूंचं वेडच लागलं.

मग शनिवार-रविवार गोदामं पालथी घालणं सुरू झालं. वर्षभर काहीही घेतलं नाही, फक्त बघितलं, आणि तेच बरं झालं. जुन्याच्या नावाखाली काय काय विकतात ते त्या वर्षात कळलं. पाडलेल्या घरांच्या तुळयांमधून केलेलं टेबल असतं. लाकूड खरंच जुनं, पण टेबल मागच्या महिन्यातलं. एका कपाटाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागावर बसवलेला असतो. म्हणून वस्तू आधी उलटी करून बघायची, निदान खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारायचा. हाताच्या करवतीच्या रेषा सरळ पण कमीजास्त असतात, गोल पात्याच्या करवतीच्या रेषा कमानीसारख्या. खुर्ची खरोखर वापरातली असेल तर समोरची खालची पट्टी पाय ठेवून ठेवून मध्ये झिजलेली असते, आणि ती झीज एकसारखी नसते. एकसारखी असेल तर कोणीतरी पॉलिश पेपरने बसून केलेली आहे.

शेवटी एक कपाट घेतलं आणि एक बैठं टेबल. टेबल नवं होतं, जुन्या लाकडाचं, आणि दुकानदाराने तसं स्पष्ट सांगितलं होतं. उत्तर चीनमध्ये खांग असतो, म्हणजे खालून ऊब दिलेला विटांचा ओटा. थंडीत घरातले सगळे त्यावरच बसतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. त्या ओट्यावर ठेवायचं हे टेबल.

कपाट शान्शी प्रांतातलं, युमू म्हणजे एल्मच्या लाकडाचं, लाल लॅकरचं, मध्ये ताटलीएवढी गोल पितळी चकती. दारांना बिजागरी नाही. दाराच्या उभ्या दांडीलाच वरखाली खुंट्या काढलेल्या आणि त्या चौकटीच्या भोकांत फिरतात. माझ्या आजोळच्या वाड्याची दारं अशीच होती. दार ओढल्यावर तोच आवाज आला आणि मी घासाघीस करायची विसरले. 6,800 युआन दिले. लाओबानला, म्हणजे मालकाला, मी हट्टाने सांगितलं की पावतीवर काळ लिहून दे. त्याने मोठ्या अभिमानाने लिहिलं: चिंग काळ. तो कागद मी जपून फाईलमध्ये ठेवला. पुढचं सगळं रामायण त्या एका कागदाने घडवलं.

29 जूनला, शुक्रवारी, आमचं सामान पॅक होऊन कंटेनर जाणार होता. सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस एप्रिलमध्येच घरी येऊन सगळं मोजून गेला होता. कपाटाचं विचारलं तर म्हणाला, ‘घरगुती वापराचं सामान म्हणून जाईल, काही अडचण नाही.’ आणि 4 जूनला, सोमवारी, त्याच कंपनीतून फोन आला: कपाटाचं परमिट कुठे आहे? दोन महिने हातात असताना गप्प बसलेली माणसं पंचवीस दिवस उरल्यावर परमिट मागत होती. मी त्या दिवशी फोनवर आवाज चढवला आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

नियम असा आहे. 1911 पर्यंतची सांस्कृतिक वारशात मोडणारी वस्तू चीनबाहेर नेता येत नाही. त्यानंतरची पण 1949 पर्यंतची असेल आणि तिला ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीने मोल असेल, तर तीही नाही. पूर्वी ही रेषा 1795 ला होती, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातलं पुष्कळ सामान रीतसर बाहेर गेलं. 2007 मध्ये ती 1911 वर आणली. नेता येण्याजोगी जुनी वस्तू असेल तर तपासणी होते, परवाना मिळतो आणि वस्तूवर लाखेचं सील बसतं. सील नाही तर कस्टम सोडत नाही. नियमाला माझी काहीच हरकत नाही. त्या देशाच्या घराघरांतून किती वस्तू गेल्या असतील, तो नियम असायलाच हवा. माझा राग वेळेवर न सांगणाऱ्यांवर आहे.

6 तारखेला अर्ज, फोटो, पासपोर्टच्या प्रती आणि ती पावती घेऊन मी हा परवाना देणाऱ्या कार्यालयात गेले. बरोबर ऑफिसमधली मैत्रीण होती, कारण माझं चिनी भाजीबाजारापुरतं. खिडकीतल्या बाईंनी पावती वाचली आणि सगळा गठ्ठा परत सरकवला. चिंग काळ 1911 ला संपतो. विकणाराच लिहून देतोय की वस्तू चिंग काळातली आहे, मग अर्ज कशाला करता? मैत्रिणीने तीन वेळा सांगितलं की हे दुकानदाराचं म्हणणं आहे, तज्ज्ञांचं नाही. बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्याच संध्याकाळी आम्ही लाओबानकडे गेलो. काळ ठरवायला तू कोण, असं तोंडावर आलं होतं, पण मैत्रिणीने दंडाला धरून ठेवलं. नवी पावती दे म्हटलं तर तो तयारच होईना. चिंग काळ खोडून दुसरं काही लिहिलं की उद्या मी पैसे परत मागायला येईन, ही त्याची भीती. दीड तास चहावर चहा. आणि मलाही खोटं काही नको होतं. वस्तू खरंच चिंग काळातली असेल तर ती मागे ठेवायची, हे मी नवऱ्याशी बोलून ठरवलं होतं. शेवटी मैत्रिणीनेच वाट काढली: पावतीवर फक्त वस्तूचं वर्णन, माप, लाकूड आणि किंमत. काळाचा उल्लेखच नको. तेवढ्याला तो तयार झाला, पण मी पैसे परत मागणार नाही असं माझ्याकडून लिहून घेऊनच.

दुसऱ्या खेपेला फोटो कमी पडले. मागची बाजू, तळ, खणांच्या आतली बाजू, सगळं हवं होतं. तिसऱ्या खेपेला अर्जातला काळाचा रकाना. तिथे ‘निश्चित नाही’ लिहिलं तर चालतं, हे एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझा आठवडा वाचला असता. अर्ज एकदाचा 12 जूनला घेतला गेला. निर्णयाला 15 कामाचे दिवस. मी तिथेच बोटांवर मोजलं. 18 तारखेला ड्रॅगन बोटच्या सणाची सुट्टी, म्हणजे मुदत 4 जुलैपर्यंत. कंटेनर 29 जूनला. आमची विमानाची तिकिटंही 4 जुलैच्या आतली.

त्या दोन आठवड्यांत मी रोज सकाळी नऊला फोन करायला मैत्रिणीला लावत होते. ती कधीही कंटाळली नाही. कपाट एव्हाना सामानवाल्यांच्या गोदामात जाऊन पडलं होतं. 27 जूनला दुपारी तिघेजण बघायला आले. त्यातले वयस्कर गृहस्थ पुढून बघतच नव्हते. लाल रंग, पितळेची चकती, ज्याच्यावर मी भाळले होते, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कपाट भिंतीपासून ओढायला लावलं आणि ते मागे उकिडवे बसले. मागच्या फळ्या तारेच्या, गोल डोक्याच्या खिळ्यांनी मारलेल्या होत्या. यंत्रावरचे खिळे. मी म्हटलं, नंतर कोणी दुरुस्तीत मारले असतील. त्यांनी मला शेजारी वाकायला सांगितलं आणि बॅटरी तिरपी धरली. प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचा काळा डाग लाकडात खोल मुरलेला, आणि फळीला दुसरं एकही जुनं भोक नाही. म्हणजे पहिल्यापासून हेच खिळे. मग त्यांनी एक खण काढून उलटा केला आणि तळाच्या फळीवर बोट फिरवलं. करवतीच्या कमानीसारख्या रेषा. वर्षभर ज्या रेषा मी दुसऱ्यांच्या टेबलांखाली शोधत होते, त्या माझ्या कपाटात बघायच्या राहूनच गेल्या होत्या.

‘मिंगुओ,’ ते म्हणाले. म्हणजे 1912 ते 1949 मधलं. खेड्यातल्या लग्नातलं साधं कपाट, अशी पुष्कळ आहेत, जाऊ द्या.

चिंग काळाचे म्हणून मोजलेले जास्तीचे पैसे त्या क्षणी मला आठवलेही नाहीत. 28 ला परवाना हातात पडला आणि मधल्या फळीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, नखाएवढं लाल सील बसलं. मैत्रिणीला मिठी मारली आणि मग गोदामाच्या दारात बसून रडले.

न्हावा शेवाला मी किती धास्तावले होते, पण तिथे एका दिवसात काम झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दोन वर्षांहून जास्त बाहेर राहून कायमचं परतत असल्याने वापरलेल्या घरसामानावर तेव्हाच्या नियमाने पाच लाखांपर्यंत शुल्क माफ होतं. सामान तुमच्या आगमनानंतर एका महिन्याच्या आत तिथून निघायला हवं असायचं. आता जाणाऱ्यांनी ताजा नियम बघून घ्यावा. हां, पॅकिंगच्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आहे ना, ते कंटेनर बंद होण्याआधी स्वतः बघा. कीडनाशक प्रक्रियेचा तो शिक्का आहे, नसेल तर इथे खोळंबा.

एक आधी सांगायला हवं होतं. त्झीतान नावाच्या जांभळट काळ्या लाकडाची डबी कोणी दाखवली तर मोहात पडू नका. एका दुकानात दुकानातल्या बाईने स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने डबीचा तळ पुसला आणि कापूस लालभडक झाला. मी लगेच ओळखलं. आजीच्या सहाणेवर उगाळायची रक्तचंदनाची बाहुली! त्झीतान म्हणजे आपल्या आंध्रातलं रक्तचंदनच. ते 1995 पासून सायटिस कराराखाली, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहे, आणि हुआंगहुआली हे फर्निचरचं दुसरं नावाजलेलं चिनी लाकूड ज्या शिसवीच्या वंशातलं, तो अख्खा वंश 2 जानेवारी 2017 पासून. त्या कागदपत्रांत पडण्यापेक्षा युमू घ्या, सुंदर असतं.

पुण्यात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कपाटाचं एक दार अडकायला लागलं. सुताराला रंधा मारू देऊ नका. दिवाळीपर्यंत लाकूड सुकतं आणि दार आपोआप सुटतं. दाराची मधली फळी चौकटीत चिकटवलेली नसते, तिला फुगायला जागा ठेवलेली असते, ती जागा तिला मिळू द्या. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. हॉलमध्ये कपाट एकटंच ठेवलंय, शेजारी काही नाही. आधी बाजूला दोन कुंड्या आणि वर फोटो लावून बघितलं होतं, सगळंच दिसेनासं झालं. खांगचं टेबल बैठकीपुढे छान बसलं. गौरी त्याच्यावरच बसतात.

मागच्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा पॉलिशवाल्याने कपाट आतून पुसता पुसता हाक मारली, ‘ताई, इथे लाखेचा गोळा चिकटलाय, खरवडून टाकतो.’ पत्रा त्याच्या हातात होता. मी स्वयंपाकघरातून धावत गेले, आणि तो खाली उतरेपर्यंत कपाटापुढून हलले नाही.