पणजोबांचा पत्ता शोधायला नागपूरचे चार दिवस

फेब्रुवारीत चार दिवस नागपूरला जाऊन आलो, फिरायला नाही, पणजोबांना शोधायला. घरात त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की नाव वासुदेव, शाळामास्तर होते, तिथल्या महाल नावाच्या भागात कुठेतरी घर होतं, आणि ते अचानक गेले तेव्हा पणजी पोरांना घेऊन पुण्याला भावाकडे आली. फोटो एकही नाही. काका आता 84 वर्षांचे आहेत, त्यांच्या हातात काहीतरी ठेवायचंच असं मनात होतं. कोणाला असाच शोध घ्यायचा असेल तर कामी येईल म्हणून सगळं लिहितोय.

खरं काम निघायच्या आधीच सुरू झालं, जुन्या डिरेक्टऱ्यांपासून, म्हणजे गावोगावच्या लोकांची आणि कंपन्यांची नावं छापलेल्या पुस्तकांपासून. मी पहिले दोन महिने मुंबईच्या डिरेक्टऱ्या चाळत बसलो आणि ते सगळे वाया गेले, कारण नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच. 1861 पासून ते मध्य प्रांताची राजधानी होतं आणि मुंबई राज्यात आलं थेट 1956 ला. त्यामुळे बघायची ती कलकत्त्याहून निघणारी थॅकर्स इंडियन डिरेक्टरी. 1885 पासून या नावाने आहे, त्याआधी बेंगॉल डिरेक्टरी होती. बरेच खंड आर्काइव्ह डॉट ऑर्गवर फुकट मिळतात. त्यात मध्य प्रांताच्या पानांवर जायचं आणि नागपूर काढायचं. स्पेलिंगचं मात्र नीट लक्षात ठेवा. जुन्या खंडांत नागपूरच्या शेवटी यूआर नाही तर ओआरई असतं, आणि आपल्याकडच्या नावांचं तर विचारूच नका. वैदर्भी पद्धतीने वासुदेव हे नाव इंग्रजीत डब्ल्यूने सुरू होतं आणि ओने संपतं. मी व्हीने सर्च करत होतो म्हणून सापडत नव्हते. डब्ल्यू टाकला आणि 1914 च्या खंडात एका शाळेच्या नावाखाली शेवटच्या ओळीत आमचे आजोबांचे वडील उभे! रात्रीचे दीड वाजले होते, बायकोला उठवून दाखवलं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बरेच जण इथेच हात टेकतात. या डिरेक्टऱ्यांत येतात ते साहेब लोक, अधिकारी, वकील, व्यापारी, कंपन्या. एम्प्रेस मिल 1877 ला सुरू झाली, हजारो लोक तिथे राबले, पण डिरेक्टरीत मिलच्या नावाखाली मॅनेजर आणि वरचे चार-दोन लोक, बाकी कोणी नाही. म्हणजे तुमचे आजोबा साच्यावर असतील तर ते तिथे सापडणार नाहीत, आणि त्याचा अर्थ ते नागपुरात नव्हते असा अजिबात होत नाही. अशा वेळी सरळ शाळेच्या रजिस्टरपासून सुरुवात करा.

आणि एकच खंड बघून थांबू नका, वर्षामागून वर्ष लावा. आमचे पणजोबा 1914 ला नागपूर, 1917 ला भंडारा, 1920 ला परत नागपूर, आणि 1922 च्या खंडात नावच नाही. छापलेली माहिती साधारण आदल्या वर्षीची असते हे धरलं तर ते 1921 च्या आसपास गेले असणार. पुढचं सगळं या एका अंदाजावर सापडलं.

पहिला दिवस सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयात, पुराभिलेखागारात, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं ठेवतात तिथे गेला. मेट्रोने झिरो माइलला उतरलो आणि चालत गेलो. ओळखपत्राची झेरॉक्स आणि काय बघायचंय त्याचा साधा अर्ज सोबत असू द्या. तिथे शिक्षण खात्याच्या छापील याद्यांतून भंडाऱ्याची बदली पक्की झाली, बाकी विशेष नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा. विदर्भात दाखल खारीज रजिस्टर ही काय चीज आहे हे ज्यांनी जात पडताळणी केलीय त्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, ती शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, धंदा, राहण्याचं ठिकाण, जन्मतारीख सगळं असतं. पणजोबा जिथे मास्तर होते तिथेच पोराला घातलं असेल असा तर्क केला. क्लार्क काकांनी बघताक्षणीच विचारलं, "व्हॅलिडिटीसाठी पायजे का जी?" म्हटलं नाही हो, घरच्यांसाठी, तर ते थोडा वेळ बघतच राहिले आणि मग स्वतःच खुर्चीवर चढून गठ्ठा काढला. 1915 च्या पानावर आमचे आजोबा, वय सहा, राहणार महाल, जुम्मा दरवाजाजवळ. जून-जुलैत मात्र अशा कामाला जाऊ नका, तेव्हा तिथे ॲडमिशनची आणि दाखल्यांची इतकी गर्दी असते की तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो.

जुन्या नावांची यादी खिशात ठेवा. जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट, जुम्मा तलाव म्हणजे गांधीसागर, क्रॅडॉक टाऊन म्हणजे धंतोली. घर नंबरसोबत सर्कल नंबर लिहिलेला असेल तर तोही उतरवून घ्या, कारण नागपुरात जुने घर नंबर सर्कलप्रमाणे चालायचे आणि नुसत्या घर नंबराने काही हाती लागत नाही.

तिसरा दिवस रजिस्ट्रीचा. घर विकलं असेल तर खरेदीखत झालं असणार, आणि त्या दस्तांची नक्कल ज्या पुस्तकात असते ते फी भरून कोणालाही बघता येतं, वारस असल्याचा पुरावा लागत नाही. इंडेक्स एक नावावर, इंडेक्स दोन मिळकतीवर. वर्ष माहीत नसेल तर दिवसच्या दिवस जातील, मला 1920 ते 1925 एवढंच बघायचं होतं तरी दुपारचे चार वाजले. शनिवार-रविवार सरकारी ऑफिसं बंद, म्हणून सोमवारी पोचेल असं तिकीट काढा. डिसेंबरात अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्सभर बॅरिकेड आणि हॉटेलं महाग, आणि मे महिन्यात तर चुकूनही नको.

1922 चा दस्त, सुदैवाने मोडीत नाही तर बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत. लिहून देणार म्हणून पणजीचं नाव, 'स्वतःकरिता व अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून'. आम्हाला तिचं नावच माहीत नव्हतं हो, घरात सगळे तिला मोठी आई म्हणायचे. डिरेक्टरीत ती कुठेच नाही, शाळेच्या रजिस्टरात नाही, फक्त इथे. उमाबाई. पूर्वेस गल्ली, पश्चिमेस विहीर अशी चतुःसीमा दिलेली.

चौथ्या दिवशी सकाळी तर्री पोहे खाऊन गांधी गेटपासून आत चालत गेलो. चतुःसीमेतली गल्ली सापडली असं वाटतं, विहीर बुजलेली असावी, तिथे आता तीन मजली इमारत आहे. खूप वेळ उभा राहिलो.

पुण्याला आल्यावर काकांना नक्कल वाचून दाखवली. ते ऐकत होते, शेवटी म्हणाले की मोठी आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, अंगठा असेल बघ खाली. मी परत नीट पाहिलं. दस्ताच्या खाली साक्षीदारांपैकी एकाचा निशाणी अंगठा आहे, आणि तिच्या नावापुढे लिहिलंय, दस्तुर खुद, म्हणजे स्वतःच्या हातची सही. काकांनी चष्मा मागितला आणि ते दोन शब्द स्वतः वाचले.