चिप्स घरी पोहोचेपर्यंत

बटाट्याच्या जाड फोडी तळून कागदात गुंडाळल्या की त्यांचे भवितव्य ठरून जाते. फोडीच्या पोटात राहिलेली वाफ बाहेर पडू लागते, कागदात कोंडते आणि ज्या कुरकुरीतपणासाठी एवढा खटाटोप केलेला असतो त्यालाच भिजवून टाकते; वरून व्हिनेगर शिंपडलेले असेल तर हे काम आणखी लवकर उरकते. माशाचेही तसेच आहे. मैद्याच्या सरसरीत पिठात बुडवून तळलेला कॉड किंवा हॅडॉक खरे म्हणजे तळलेला नसतोच. पिठाच्या कवचाआड तो स्वतःच्याच ओलाव्यात वाफवला जातो आणि ते कवच कढईतून बाहेर आल्यावर फार तर दहा मिनिटे तग धरते. इंग्लंडमधल्या फिश अँड चिप्सच्या दुकानांचा सगळा इतिहास आणि भूगोल या दहा मिनिटांनी ठरवला, असे माझे मत आहे. दुकान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेच पाहिजे, म्हणून ते गल्लोगल्ली निघाले. 1920च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये अशी सुमारे 35,000 दुकाने होती, आणि आज दहा हजारांच्या आसपास उरली असली तरी उत्तर इंग्लंडमध्ये वाढलेला प्रत्येक माणूस जगातली सर्वोत्तम ‘चिपी’, म्हणजे असे दुकान, आपल्याच कोपऱ्यावर होती असे शपथेवर सांगतो. त्याचे खोटे नसते. दुसऱ्या कोपऱ्यावरच्या चिप्स त्याच्यापर्यंत कधी ताज्या पोहोचलेल्याच नसतात.

माझे लहानपण ब्रॅडफर्डमध्ये गेले. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे. मुंबईच्या कापडगिरणीत काही वर्षे काढून ते लोकरीच्या गिरणीतल्या नोकरीवर यॉर्कशायरला आले, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी आम्ही मॅनिंगहॅम भागातल्या दगडी घरांच्या एका ओळीत राहत होतो. माडीच्या खिडकीतून लिस्टर मिलची उंच चिमणी दिसे. ब्रॅडफर्डला सगळीकडे टेकड्या असल्यामुळे कुठेही निघाले तरी जाताना उतार आणि येताना चढ, किंवा त्याच्या उलट, हे ठरलेलेच असे. ही गोष्ट पुढे आमच्या चिप्सच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली.

कोपऱ्यावरचे दुकान मात्र आमच्या ओळीतच होते. आत शिरले की समोर रेंज, म्हणजे तळणीच्या कढया पोटात घेतलेले, दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरलेले चकचकीत धूड. तिच्या वरच्या बाजूला काचेचे कप्पे असत आणि तळून झालेले मासे त्यांत उबेला ठेवलेले असत. मागच्या खोलीत बटाटे सोलण्याचे यंत्र गडगडत असे. सोललेले बटाटे एका दांडीच्या चरकाखाली धरून फोडी पाडायच्या आणि त्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, हे काम मालकांचा मुलगा करी. काउंटरमागच्या बाई लहानथोर, बाई-पुरुष असा भेद न करता प्रत्येकाला “सॉल्ट अँड व्हिनेगर, लव्ह?” असे विचारत. पहिल्यांदा हे ऐकून बाबा कानापर्यंत लाल झाले होते, आणि पुढे कित्येक वर्षे आई त्यावरून त्यांना चिडवत असे. गुंडाळायला आत एक पांढरा कागद आणि बाहेर वर्तमानपत्र असे. आम्ही मुले घरोघर फिरून ‘टेलिग्राफ अँड आर्गस’ची रद्दी जमवत असू, कारण गठ्ठा नेऊन दिला की बाई त्या बदल्यात कागदाच्या पुडीत स्क्रॅप्स भरून देत. स्क्रॅप्स म्हणजे मासे तळताना सुटून तरंगणारे पिठाचे थेंब, झाऱ्याने काढून निथळलेले. त्यांना चव अशी नसतेच, नुसता कुरकुरीतपणा आणि मीठ. पण फुकटच्या वस्तूला जी चव असते ती भरपूर असे.

मागणी कशी करायची हेही शिकावे लागले. एक मासा आणि एक चिप्स हवे असतील तर “वन ऑफ ईच” म्हणायचे. चौघांसाठी हवे असतील तर “फिश अँड चिप्स, फोर टाइम्स”. आम्हा मुलांच्या वाट्याला बहुधा यॉर्कशायरी फिशकेक येई. बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये माशाचा तुकडा घालून ते सगळे पिठात बुडवून तळलेले असे, आणि अख्ख्या माशापेक्षा ते स्वस्त पडे. वारांचा मेळ तर असा काही बसला होता की जणू कोणी दोन्ही पंचांगे शेजारी ठेवूनच तो घालून दिला असावा. जुन्या ख्रिस्ती वळणामुळे तिकडे शुक्रवार हा माशांचा वार, आणि आमच्याकडे बुधवार, शुक्रवार व रविवार हे मासे चालण्याचे वार. रविवारी दुकान बंद असे, बुधवारी बाबा थकलेले असत, तेव्हा शुक्रवारवर दोन्ही धर्मांचे एकमत झाले. पहिल्या शुक्रवारी बाबांनी हॅडॉकचा घास घेतला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, “मासो बरो आसा, पण तेका मीठमिरशांग कोणी लावूक नाय.”

या सुखाला पूर्णविराम दिला माझ्या धाकट्या बहिणीने. एका संध्याकाळी तिने घरी येऊन सांगितले की दुकानातल्या काकांनी कढईत साबणाची मोठी वडी टाकली आणि ती विरघळून गेली. आईने दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजीबाईंकडे सहज चौकशी केली. त्यांनी अभिमानाने सांगितले की अर्थातच ते बीफ ड्रिपिंग आहे. चांगल्या दुकानात दुसरे काही वापरतच नाहीत, आम्ही काय लंडनवाले आहोत का? ड्रिपिंग म्हणजे गाईबैलांची वितळवून गाळलेली चरबी. थंड असताना ती पांढरीशुभ्र आणि घट्ट असते, तळणासाठी चांगली तापते, आणि यॉर्कशायरच्या लोकांची तिच्यावर निष्ठा एवढी की तेलात तळलेल्या चिप्सना ते चिप्स मानायलाच तयार नसतात. आईने आजीबाईंचे आभार मानले, घरी येऊन स्वयंपाक केला, आणि रात्री जेवताना एवढेच म्हणाली की आता त्या दुकानात जायचे नाही. झाले ते नकळत झाले, असे बाबा म्हणाले. त्यावर ती म्हणाली की म्हणूनच मी काही बोलले नाही.

चौकशीअंती तेलात तळणारे एक दुकान सापडले, पण ते खाली, मुख्य रस्त्याच्याही पलीकडे होते. हाँगकाँगहून आलेले एक कुटुंब ते चालवत असे. साठ आणि सत्तरच्या दशकांत अशा अनेक कुटुंबांनी जुन्या चिपी विकत घेतल्या आणि दारावरची पाटी, खाद्यपदार्थांची यादी, व्हिनेगरची बाटली यांतले काहीही न बदलता धंदा पुढे चालू ठेवला. हे दुकानही तसेच होते. जाताना उतार असल्यामुळे आम्ही पाच-सात मिनिटांत पोहोचत असू. येताना चढ, आणि हातात गरम पुडके. दहा मिनिटांचा हिशेब इथे कोलमडे. घरी येऊन कागद उलगडला की आतून मऊ, ओलसर, एकमेकांना चिकटलेल्या फोडी निघत आणि माशाचे कवच त्याच्या अंगावरून अंगरख्यासारखे सुटून येई.

बाबा गिरणीतले तंत्रज्ञ. कापडातला ओलावा कसा राखायचा आणि कसा काढायचा हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग, त्यामुळे त्यांनी हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला. प्रथम त्यांनी पुडके कोटाच्या आत धरून पाहिले. त्याने चिप्स गरम राहिल्या, पण अधिकच भिजल्या. मग त्यांनी निष्कर्ष काढला की उष्णता आणि कुरकुरीतपणा यांतले एकच काहीतरी घरी नेता येते, आणि पुडक्याचे एक टोक उघडे ठेवून ते हातात आडवे धरून चालायचे. व्हिनेगर दुकानात घ्यायचे नाही, ते घरी बाटलीतून घालायचे. मासा आणि चिप्स वेगवेगळ्या कागदांत बांधून मागायच्या. या सगळ्या उपायांनी थोडाफार फरक पडे. खरा उपाय आम्हा भावंडांना ठाऊक होता. तो म्हणजे चढावरच, चालता चालता, बोटे भाजत खाणे. आणि वाटेत किती संपल्या हे आईला पुडक्याच्या वजनावरून कळत असे.

पुढे मोठेपणी या पदार्थाचा इतिहास वाचला तेव्हा आईची आठवण येऊन हसू आले. पिठात घोळवून तळलेला मासा इंग्लंडमध्ये आणला तो स्पेन आणि पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू लोकांनी. शब्बाथ या साप्ताहिक पवित्र दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून ते शुक्रवारी मासा तेलात तळून ठेवत आणि शनिवारी गार खात. म्हणजे मुळात हा पदार्थ टिकण्यासाठीच जन्मलेला होता आणि त्याचे तळणही सोवळ्यातलेच होते. पुढे 1860च्या सुमारास त्याची चिप्सशी गाठ पडली. ती पहिल्यांदा लंडनच्या पूर्व भागात जोसेफ मालिन या ज्यू दुकानदाराने घालून दिली, की 1863 मध्ये लँकेशायरमधल्या मॉस्ली इथे जॉन लीजने आपल्या लाकडी टपरीत, यावर दक्षिण आणि उत्तर अजून भांडत असतात. मला त्या वादात रस नाही. माझी तक्रार एवढीच की दिवसभर सुखाने टिकणाऱ्या माशाला या बटाट्याच्या संगतीने दहा मिनिटांच्या आयुष्याचा केला. शिवाय ड्रिपिंग ही उत्तरेची नंतरची भर असल्यामुळे, शेजारच्या आजीबाईंपेक्षा आईच मूळ परंपरेला अधिक धरून होती, हे तिला सांगताना मला फार आनंद झाला. तिला मात्र त्यात नवल वाटले नाही.

घरी पोहोचलेल्या मऊ चिप्सवर आईने आपला अधिकार हळूहळू बजावायला सुरुवात केली. मशी पीज म्हणून जे मिळते ते मोठे वाळवलेले वाटाणे रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून, गिजगा होईपर्यंत शिजवलेले असतात. त्यात मीठ असते, दुसरे काही नसते. आई त्यांना मोहरी, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी देई, वर लिंबू पिळे, आणि मग ते पोळीबरोबर उत्तम लागत. उरलेल्या चिप्सची दुसऱ्या दिवशी हळद-हिंग घालून भाजी होई. मासा मात्र तिने कधी पुन्हा तव्यावर टाकला नाही. ज्याला मुळात मसालाच लागलेला नाही त्याला वरून लावून काय उपयोग, असे तिचे म्हणणे होते. त्याच दुकानात मग करी सॉस मिळू लागला. पिवळसर तपकिरी, घट्ट, किंचित गोड. आमच्या वर्गातली गोरी मुले तो चिप्सवर ओतून घाम पुसत खात आणि मला विचारत की तुमच्या घरी रोज हाच असतो का. आईने तो चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला आणि भांडे झाकून ठेवले.

1976 साल चिपीवाल्यांना फार वाईट गेले. आइसलँडने आपल्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राखून ठेवला होता, त्यावरून आइसलँड आणि ब्रिटनच्या जहाजांत झालेल्या धडकाधडकीला ‘कॉड वॉर’ म्हणत. जूनमध्ये ब्रिटनने माघार घेतली आणि हल बंदराच्या दूरसमुद्रातल्या मासेमारीची घसरण सुरू झाली. त्यातच लागोपाठच्या दोन कोरड्या उन्हाळ्यांमुळे बटाटे कमालीचे महागले. एरवीही उन्हाळ्याच्या सुरुवातीचा नवा बटाटा चिप्सला चांगला नसतोच, त्यात हा दुष्काळ. दुकानातल्या फळ्यावर दर आठवड्याला नवे आकडे दिसत आणि रांगेतले लोक त्यावर क्रिकेटच्या धावफलकासारखी चर्चा करत. बाबा आइसलँडच्या बाजूचे होते. किनाऱ्यावरच्या माणसाला आपला समुद्र राखावासा वाटणारच, असे ते म्हणत, पण हे रांगेत उभे असताना म्हणत नसत.

लंडनला मावशीकडे गेलो की आईला हायसे वाटे, कारण दक्षिणेत बहुतेक ठिकाणी तेलातच तळतात. तिथे बाबांना एक शोध लागला. फळ्यावर ‘रॉक’ असे नाव असलेला एक मासा होता. तो मागवला, कवच उघडून पाहिले, तर आत काटे नाहीत, मधोमध नुसता कूर्चेचा कणा. “अरे, ही तर मोरी!” असे ते ओरडलेच. रॉक म्हणजे खरोखरच लहान जातीचा शार्क, कोकणातल्या मोरीचा भाऊबंद. त्यानंतर लंडनला गेलो की ते दुसरा मासा मागवतच नसत, आणि ब्रॅडफर्डला परतल्यावर यॉर्कशायरच्या लोकांना माशांतले काही कळत नाही असे सांगत.

मला विचाराल तर ड्रिपिंगमधल्या चिप्स अधिक चांगल्या होत्या. त्या कोपऱ्यावरच्या पहिल्या दिवसांतल्या चिप्सची चव जिभेला अजून आठवते, आणि ती केवळ अंतर कमी असल्यामुळे होती असे मी स्वतःला पुष्कळ पटवून पाहिले. ते पूर्णपणे पटत नाही. आज ब्रॅडफर्डमधली अनेक दुकाने पाकिस्तानी आणि इतर दक्षिण आशियाई कुटुंबे चालवतात, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी ड्रिपिंग वापरत नाहीत. वर्तमानपत्राचा कागद ऐंशीच्या दशकात हद्दपार झाला. आता पुठ्ठ्याचे खोके मिळते, वाफ जायला त्याला बाजूने भोके पाडलेली असतात. म्हणजे बाबांचे पुडक्याचे उघडे टोक शेवटी उद्योगाने मान्य केले. ते खोके मोटारसायकलवरून अर्ध्या तासाने घरपोच करण्याची पद्धत मात्र मला अडाणीपणाची वाटते.

लीड्समधल्या आमच्या घराजवळ दोन दुकाने आहेत. जवळच्यात ड्रिपिंग, दूरच्यात पाम तेल. माझी मुलगी जवळच्या दुकानात जाते, मी दूरच्या. आई आता आमच्याकडेच असते. मुलगी पायांत बूट घालू लागली की ती आतून हाक मारते, “जातेस तर माझे वाटाणे घेऊन ये, ते काही तळत नाहीत,” आणि मोहरीचा डबा काढायला उठते.