मधले तीन शब्द

आज दुपारपासून आम्ही चौघं आमच्या ग्रुप प्रोजेक्टच्या फिल्मचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, घेऊन बसलो होतो. विषय ग्रंथालयातले बाइंडिंगवाले काका. फिल्म पाच मिनिटांची, फुटेज मात्र तासन्‌तासांचं. एडिटिंग माझ्याकडे आलं ते माझं कसब बघून नव्हे, चौघांत माझाच लॅपटॉप न अडखळता चालतो म्हणून.

काल रात्रीपर्यंत नुसता आवाज जुळवणं चाललं होतं. चित्र मोबाइलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवलेली आहे. तळवे भिडतात ती फ्रेम, म्हणजे ते एक स्थिर चित्र, आणि वेव्हफॉर्ममधलं, म्हणजे आवाजाच्या आलेखातलं, टोक एकाखाली एक आणलं की झालं, असं वाटलं होतं. पण मुलाखत पुढे सरकेल तसे काकांचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. खूप शोधल्यावर कळलं की उजेड कमी झाला की मोबाइल सेकंदाला कमी फ्रेम घेतो, आणि सॉफ्टवेअर धरून चालतं की वेग सगळीकडे सारखाच आहे. सगळ्या क्लिप आधी सेकंदाला स्थिर २५ फ्रेमवर बदलून घेतल्या, तेव्हा कुठे जमलं. या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. गंमत म्हणजे आवाज दोन फ्रेम मागे राहिला तर सहसा लक्षात येत नाही, दोन फ्रेम पुढे गेला तर खटकतो. खऱ्या जगात आधी दिसतं, मग ऐकू येतं. आवाज चित्राच्या आधी पोचायची आपल्याला सवयच नाही.

मग कापाकापी. ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, खोकला, सगळं काढलं. काढलेल्या जागी जी भोकं पडतात तिथे पूर्ण शांतता असते, आणि ती शांतता भयंकर कृत्रिम वाटते. आमच्या साउंडवालीने शूटच्या दिवशी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड केला होता. तेव्हा आम्ही तिला हसलो होतो. आज पंख्याची ती घरघर भोकांत भरली आणि वर काकांच्या हातांचा शॉट ठेवला, खळ लावताना, दोरा ओढताना. जोड कुठे आहे ते आता मलाही शोधावं लागतं.

आणि इथेच भांडण झालं.

काका म्हणाले होते, “मशीनवर शिवलेलं पुस्तक लवकर सुटतं असं लोक म्हणतात. मला काही तसं वाटत नाही.” वेळ कमी करायच्या नादात ‘असं लोक म्हणतात’ आणि पुढचं वाक्य गेलं. उरलं ते ठसठशीत वाक्य, काकांच्याच आवाजात, त्यांच्या मताच्या नेमकं उलट. एकालाही खटकलं नाही, साउंडवाली सोडून. तिने ती मुलाखत हेडफोन लावून ऐकलेली. “काका असं म्हणालेच नाहीत,” ती म्हणाली. कॅमेरावाल्याचं म्हणणं, आशय तोच आहे. तोच कसा? उलट आहे!

त्यावरून दुसरी गोष्ट निघाली. फाटक्या पुस्तकाच्या शॉटनंतर काका वर बघतात, असा एक कट आहे. सगळ्यांना आवडलेला. मुळात दार करकरलं म्हणून त्यांनी वर बघितलं होतं. एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाटीनंतर दाखवला तर भुकेला वाटतो, शवपेटीनंतर दाखवला तर दुःखी, हा रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग आम्हाला वर्गात शिकवलाय. शंभर वर्षांपूर्वीचा. वर्गात तो केवढा भारी वाटला होता. इथे तो चेहरा काकांचा आहे, आणि काका रोज भेटतात.

एकट्याने एडिट केलं असतं तर हे प्रश्न निघालेच नसते. ग्रुप प्रोजेक्टला आम्ही इतक्या शिव्या घालतो, कोण वेळेवर येत नाही, कोण नुसतं मत देतं. पण शूटच्या दिवशी तिथे काय घडलं हे आठवणारं आणखी कोणीतरी एडिटच्या वेळी शेजारी असणं, हे कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये मिळत नाही.

मशीनचं वाक्य पूर्ण परत घेतलं, अकरा सेकंद वाढले. ते भरून काढायला कॅमेरावाल्याचा कॉरिडॉरचा लांबलचक शॉट गेला. अख्खी सकाळ खपला होता बिचारा त्यासाठी. थोडा वेळ फुगून बसला, मग स्वतःच म्हणाला, तसाही तो शॉट काकांचा नव्हताच.

वर बघण्याच्या कटवर मात्र एकमत नाही. मला तो काढावासा वाटतो, बाकी दोघांना ठेवायचाय, साउंडवाली कुंपणावर. उद्या काकांनाच दाखवायचं ठरलंय. ते नको म्हणाले तर कट जाणार, यावर चौघांचं एकमत. हो म्हणाले तरी मी वाद घालणार आहे, पण ते बाकी तिघांना आज सांगितलेलं नाही. आत्ता एक्स्पोर्ट लावून झोपतोय.