मागचं अंगण, दुसरा पावसाळा: मावा, मुंग्या आणि कढीपत्त्यावरचे भाडेकरू

मागच्या नोंदीत चवळीवर काळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) चढला होता आणि मी निंबोळी तेलाची बाटली घेऊन उभा होतो. फवारलं नाही. संयम वगैरे काही नाही, त्याच संध्याकाळी झड लागली आणि तीन दिवस हटलीच नाही. चौथ्या दिवशी पाहतो तर शेंड्यावर मगरीच्या पिल्लासारख्या काळपट अळ्या, एकेक मावा धरून खात होत्या. ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या! मागल्या वर्षी मीच त्या 'कीड' म्हणून चिरडल्या होत्या. आता केशरी पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेले मोठे ढालकिडेही दिसतात. थोडा मावा पावसानं धुतला असेल, सगळं श्रेय त्यांना देत नाही.

अडचण मुंग्यांची. मावा गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. बांबूला चिकटपट्टी गुंडाळून वर व्हॅसलीन फासलं. दोन दिवस फरक नाही. शेवटी कळलं, वेलाचं एकच पान भिंतीला टेकलं होतं, सगळी वाहतूक त्या पुलावरून. पान तोडलं, रांग बंद.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: जागा कोथरूडची, तळमजल्यामागची 12 बाय 18 फुटांची पट्टी. वर मुरूम, खाली बांधकामाचा राडारोडा, पहारसुद्धा आत जाईना. म्हणून खणणं सोडलं. फेब्रुवारी-मार्चात गल्लीतला पालापाचोळा कुणी पेटवायच्या आत पोत्यात भरून आणला, चौदा पोती, आणि वीतभर थर दिला. आता तो चार बोटं उरलाय. खाली भुसभुशीत काळं, गांडुळं, आणि वाणी (खूप पायांचे लांबट किडे) तर विचारू नका. शेजारच्या काकू मीठ टाकायला सांगतात. टाकू नका, ते कुजकी पानंच खातात.

आता कढीपत्ता. आई म्हणाली, "पक्ष्यानं घाण केलीय रे पानावर, धुऊन आण." धुवायला गेलो तर घाण चालायला लागली. लिंबाळी जातीच्या फुलपाखरांच्या लहान अळ्या हुबेहूब विष्ठेसारख्या दिसतात, पांढरा डागसुद्धा असतो. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. एकीला काडीनं डिवचलं, तर डोक्यामागून तांबूस-केशरी दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र आंबूस वास सुटला. मोजल्या तेव्हा नऊ होत्या, आठवड्यानं तीन. शिंपी आणि बुलबुल रोज येतात, हिशेब तिथे लागतो. आईनं तह केलाय: वरच्या फांद्या त्यांच्या, खालच्या फोडणीच्या.

राज्य फुलपाखरू असलेलं नीलवंतही लिंबाच्या कुळावरच अंडी घालतं, म्हणून ईडलिंबू लावलंय. अजून आलेलं नाही.

फसलेली गोष्ट शेवगा. विरळ सावली मिळावी म्हणून लावला, पण कपड्यांच्या दोरीला लागून. या महिन्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे घोस, आणि बाबांच्या बनियनमध्ये त्यांचे केस. दोन रात्री खाज. इथे मात्र पक्ष्यांची वाट पाहिली नाही, खराट्यानं साबणाच्या पाण्यात पाडले. पाऊस सरला की शेवगा कमरेएवढा छाटतो. दोरी हलवायला बाबा तयार नाहीत.