झोपायची उंची

२०२२ च्या जुलैत मी आणि नवरा सकाळी मोटरसायकलवर मनालीहून निघालो आणि संध्याकाळी हिमाचलातल्या चंद्रताल तळ्याजवळच्या छावणीत पोहोचलो. अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंडीची चढण टळते, म्हणून हे एका दिवसात जमतं. जमतं म्हणूनच आमची फसगत झाली. मनाली साधारण २,००० मीटरवर आणि छावणी ४,२५० च्या आसपास. नवऱ्याचं डोकं वाटेतल्या बातलपासूनच ठणकत होतं, पण मला काळजी नको म्हणून तो बोलला नाही. रात्री एक वाजता उलट्या सुरू झाल्या. घोटभर पाणीही पोटात ठरेना. छावणीवाल्या भैयांनी एकच सांगितलं, उजाडलं की तळं बघत बसू नका, आधी खाली उतरा.

सकाळी गाडी मी चालवली. तो मागे माझ्या पाठीवर कपाळ टेकून बसला होता. छत्रूला, म्हणजे जवळजवळ ९०० मीटर खाली आल्यावर, एका दगडावर बसून त्याने चहा मागितला. तो चहा पोटात राहिला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तळं मात्र बघायचं राहिलं.

पुढची दोन वर्षं मी एकच गोष्ट नीट समजून घेतली. खिंड किती उंच आहे यापेक्षा रात्री कुठे झोपता हे महत्त्वाचं. ३,००० मीटरच्या वर गेलं की आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त वर मुक्काम करायचा नाही. दिवसा त्याहून वर जाऊन परत खाली झोपायला आलात तर उत्तमच. डोकं दुखत असेल तर वर चढायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. डॉक्टरांना विचारून उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या बरोबर ठेवल्या होत्या. पण गोळी आहे म्हणून मुक्काम गाळायचा नाही, हे दोघांनी आधीच कबूल केलं.

२०२४ च्या सप्टेंबरात गाडी रेल्वे पार्सलने दिल्लीला पाठवली आणि या वेळी उलट्या बाजूने, सिमल्याहून निघालो. टाकीवरच्या पिशवीत, प्लास्टिकखाली, मी मुक्काम आणि त्यांची मीटरमधली उंची लिहिलेली एक पट्टी लावली होती: रकछम ३,१००, नाको ३,६६०, ताबो ३,२८०, काझा ३,६५०, लोसर ४,०८०, चंद्रताल ४,२५०. रकछम आणि काझाला दोन-दोन रात्री. रोज सकाळी ‘डोकं कसं आहे?’ हा पहिला प्रश्न, आणि खोटं बोलायचं नाही ही अट.

रकछमला बस्पा नदीजवळ एका बागवाल्याला विचारून तंबू लावला. खाबला स्पिती आणि सतलज भेटतात, तिथून रस्ता नाकोकडे चढू लागतो. नाकोचं तळं लहानसं, गावाला लागूनच, काठाने झाडं. तिथे तंबू न लावता एका घरात उतरलो. रात्री नवऱ्याला जरा जड वाटलं. मी सारखी उठून त्याचा श्वास ऐकत होते. पण दुसऱ्या दिवशी ताबोला खाली उतरायचंच होतं, आणि तिथे तो गाढ झोपला. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. आतल्या अंधारात मातीच्या भिंतींवरची चित्रं बघताना आम्ही दोघंही आपोआप हळू आवाजात बोलू लागलो. काझाला जाताना धनकरला थांबलो. गावातून तासभर चढून वरच्या तळ्यापर्यंत गेलो, दर वीस पावलांना थांबत, आणि संध्याकाळी काझाला उतरून झोपलो. ही चढण पुढे फार कामी आली असं मला मनापासून वाटतं.

काझाला टाकी भरली, कारण पुढे बराच लांबपर्यंत पंप नाही.

लोसरच्या मुक्कामात स्वयंपाकाचं गणित कळलं. या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ कितीही वेळ ठेवा, दाणा दाताखाली येतोच. भातही तसाच. शेवटी घरचे पातळ पोहे काढले. त्यांना शिजवायचंच नसतं. कांदा, कच्चं तेल, मेतकूट, वरून चिवडा. चिवड्याचं पाकीट इतकं टम्म फुगलं होतं की कात्री लावताच फट्‌कन आवाज झाला आणि शेजारचं कुत्रं उठून बसलं.

दुसऱ्या दिवशी कुंझुम. साडेचार हजार मीटरच्या वरची खिंड. तिथल्या देवीला प्रदक्षिणा घालूनच गाड्या पुढे जातात, आम्हीही घातली. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे आणि काठावर तंबू लावायला बंदी आहे. छावण्या काही किलोमीटर अलीकडे. ती बंदी हवीच. छावण्यांपाशीच जागा मागून आमचा तंबू लावला. रात्री श्वासाची वाफ तंबूच्या आतल्या कापडावर गोठली. पहाटे मी झिप ओढली तर तो पांढरा भुगा सरळ मानेत. ‘डोकं कसं आहे?’ मी विचारलं. ‘भूक लागलीय गं,’ तो म्हणाला. इतकं बरं वाटलं की मला रडूच आलं.

गाडी लावून शेवटचा टप्पा चालत गेलो. वारा नव्हता. काठाशी पाणी इतकं नितळ की गोट्यांच्या सावल्या तळाशी वेगळ्या दिसत होत्या, आणि चार हात पुढे तेच पाणी गर्द निळं. आम्ही तासभर काही न बोलता बसलो.

उतरताना घाई केली ती फक्त नाल्यांसाठी. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. मी बूट काढून, जुनी चप्पल घालून पुढे चालायचे, काठीने खोली बघायचे. तो पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, सावकाश यायचा. छत्रूला तो दगड मी ओळखला. तिथेच बसून त्याने दोन थाळ्या राजमा-भात खाल्ला.

बातलपासून चंद्रा नदी सोबतीला असते. पुढे तांदीला तिला भागा मिळते आणि चंद्रभागा होते. सासूबाई वारकरी. निघताना नाव ऐकून म्हणाल्या होत्या, ‘तिकडेही चंद्रभागा आहे?’ म्हणून मनालीचा रस्ता सोडून तांदीपर्यंत गेलो. नवरा खाली उतरला, संगमाचं गढूळ पाणी एका लहान बाटलीत भरलं आणि टाकीवरच्या पिशवीत, त्या पट्टीशेजारी, उभं करून ठेवलं.