पेरणीआधी पैसे: आमच्या इमारतीच्या तांदळाची गोष्ट

मुलुंडच्या आमच्या इमारतीतल्या 14 घरांनी पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावच्या दोन शेतकऱ्यांकडून वर्षाचा तांदूळ थेट घ्यायचं ठरवलं, ते 2019च्या मे महिन्यात. हे कसं जमवलं असं बरेच जण विचारतात, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

पहिल्या भेटीला मी यादी घेऊनच गेले होते. प्रत्येक घराला किती किलो कोलम, सगळं मांडलेलं. त्या दोघांत जे वयाने मोठे, ज्यांना आता आमची अख्खी इमारत काका म्हणते, त्यांनी यादी वाचून परत दिली. म्हणाले, "ताई, वाण तुम्ही सांगू नका. खाणारी माणसं किती ते सांगा. कुठल्या खाचरात काय लावायचं ते माझ्यावर सोडा."

मग त्यांनी मला बांधावरून फिरवलं. वरच्या खाचरात पाणी ठरत नाही, तिथे लवकर तयार होणारं हळवं भात. खालच्या, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं. बी घरचं, मागच्या वर्षीच्या चांगल्या लोंब्या निवडून राखलेलं. संकरित बियाणं दरवर्षी दुकानातून आणावं लागतं, हे राखता येतं. 2001च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखायचा, बदलायचा, विकायचाही हक्क आहे (ब्रँड लावून मात्र विकता येत नाही). राब भाजण्याऐवजी (रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण जाळण्याऐवजी) ते खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडतात आणि जीवामृत देतात. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. अन्नसार्वभौमत्व हा शब्द 1996 साली 'ला व्हिया कॅम्पेसिना' या शेतकरी संघटनांच्या जागतिक जाळ्याने मांडला, एवढं मी वाचलं होतं. त्याचा अर्थ मला कळला तो त्या बांधावर. काय पिकवायचं हे पिकवणाऱ्याने ठरवायचं असेल, तर त्याची जोखीम खाणाऱ्यानेही उचलायला हवी.

भाव ठरवायला आम्ही तिघं बसलो. नांगरणी, लावणीची मजुरी, कापणी, झोडणी, सगळं मांडून भाताला क्विंटलमागे 3000 रुपये निघाले. त्या हंगामात सरकारी हमीभाव 1815 होता. एका घराला वर्षाला साधारण एक क्विंटल भात पुरतं, भरडून 60-65 किलो तांदूळ मिळतो. निम्मे पैसे पेरणीआधी, निम्मे कापणीनंतर. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी 21,000 रुपये पोचवले.

पीक बुडालं तर काय, हे मात्र कागदावर आलंच नाही. ही चूक माझी. असं काही करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, हे कलम सगळ्यात आधी लिहा.

ऑक्टोबरच्या शेवटी 'क्यार' वादळाच्या दिवसांत पाऊस थांबेना. मी गेले तेव्हा हळवं भात कापून वाळत टाकलं होतं आणि ते पाण्यात होतं. काकांनी एक लोंबी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. दाण्यादाण्याला पांढरा कोंब फुटलेला. सगळं आधीच कापलेलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं. खालचं गरवं आडवं झालं होतं, पण बरंचसं वाचलं. दोन वाण लावायचं कारण त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसलं. 14 क्विंटलच्या जागी 9 आलं.

मग गच्चीवरची बैठक. तीन तास चालली. "पैसे परत मागा" म्हणणारे होते, आणि त्यांचा राग मला समजत होता, कारण मी त्यांना आधी काही सांगितलंच नव्हतं. शेवटी तळमजल्यावरच्या आजी बोलल्या. त्यांचं माहेर शहापूरचं. "आपल्याला दुकान आहे. त्यांनी वर्षभर काय खायचं?" तीन घरांनी भरलेल्या पैशांपुरतं 50-50 किलो भात घेतलं आणि ती बाहेर पडली. उरलेल्या 11 घरांनी पूर्ण 3000 भरायचे आणि जे येईल ते वाटून घ्यायचं ठरलं. वाट्याला 68 किलो भात आलं.

पुढची अडचण गिरणीची. हातसडीसारखा, बिनपॉलिशचा तांदूळ हवा म्हणून आम्ही सगळं भात एकदम भरडून आणलं. दोन महिन्यांत डब्यांना खवट वास आला, टोके झाले. कोंड्यात तेल असतं, ते हवेने खराब होतं, म्हणून असा तांदूळ टिकत नाही. भात तुसासकट मात्र छान राहतं. आता ते वाड्यालाच कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या बांबूच्या मोठ्या टोपल्यात असतं आणि महिन्याला लागेल तेवढंच भरडून टेम्पोने येतं. 2020च्या टाळेबंदीत दुकानांसमोर रांगा होत्या, तेव्हा आमचा तांदूळ कणगीत होता. टेम्पोच्या परवानगीला आठवडा गेला, एवढंच.

भात निघाल्यावर त्याच ओलीवर काका वाल टाकतात. आमच्यातल्या काहींना तूर हवी होती. ते म्हणाले, या जमिनीत वालच येतो. मग आम्ही वाल खायला शिकलो. आता वालाचं बिरडं आमच्या गच्चीवरच्या जेवणात असतंच असतं.

कागदावर आता कलम आहे: पीक कमी आलं तर वाटा कमी, पैसे तेवढेच. जास्त आलं तर जास्तीचं शेतकऱ्याचं, विकणं त्यांच्या मर्जीने. बाहेर पडलेल्या तीन घरांपैकी दोन परत आली आहेत. परवा काकांचा फोन होता, यंदा वरच्या खाचरात थोडी नाचणी लावतो म्हणाले. गटावर कळवलं, आणि नाचणीची भाकरी कशी थापायची हे आजी येत्या रविवारी दाखवणार आहेत.